कानसेनकाकांची गाडी आणि तिची फुसफुस

कानसेनकाकांची गाडी सिग्नलला थांबली की मागचे लोक आपणहून जरा जास्तच अंतर ठेवून थांबत. गाडी जुनी, कार्ब्युरेटरवाली, फिकट निळी, नाकावर चकचकीत पट्टी. धावताना तशी बरी असायची. पण थांबली की तिला हुडहुडी भरायची. बॉनेट थरथरायचं, आरसे थरथरायचे, मागच्या काचेपाशी ठेवलेला कापडी ससा मान डोलवायला लागायचा, आणि इंजिन असं अडखळायचं, की जणू कीर्तनात बुवांनी अभंग उचलायच्या आतच एखाद्या उत्साही टाळकऱ्यानं भलत्याच लयीत टाळ धरला. मग हिरवा दिवा लागायचा. काका निघायचे, पुढच्या वळणावर ॲक्सिलरेटरवरून पाय उचलायचे, आणि सायलेन्सरमधून फाडकन बार निघायचा.

एकदा तो बार नेमका न्हाव्याच्या दुकानासमोर निघाला. आत एका गृहस्थाच्या मिशीला आकार देणं चाललं होतं. त्यानंतर ते गृहस्थ बिनमिशीचे झाले, आणि काका दिसले की रस्ता ओलांडून पलीकडे जाऊ लागले.

काकांचं खरं नाव गल्लीत कुणाच्या लक्षात नव्हतं. आयुष्यभर त्यांनी वाद्यं सुरात लावून देण्याचं काम केलं. अरुंद दुकान, उघड्या पडलेल्या पेट्या, त्यांचे भाते, पितळी पट्ट्या, कानशी, सरसाचं भांडं, आणि ह्या पसाऱ्यात मांडी घालून बसलेले काका. म्हणायचे, "गळा देताना देवानं हात आखडता घेतला, म्हणून तानसेन व्हायचं राहिलं. पण कान दिला तो दोन्ही बाजूंनी भरभरून." तेव्हापासून ते कानसेन. दुकान बंद केलं, पण कानाचा अभिमान काही दुकानाबरोबर कुलपात गेला नाही. समोरच्या घरातला पंखा कुठल्या सुरात घरघरतो, शेजारच्या दादांचं घोरणं कुठल्या पट्टीत बसतं, सगळ्यावर काकांचा अभिप्राय तयार असायचा.

अशा माणसाच्या दारात अशी गाडी. लोक हसणार नाहीत तर काय करतील.

पण हसण्यावारी नेण्याचे दिवस आता उरले नव्हते. काकांची एकुलती एक लेक बाळंत व्हायची होती. ती स्वतः जन्मली तेव्हा काकांनी तिला प्रसूतिगृहातून ह्याच गाडीतून घरी आणलं होतं, आणि सगळ्या वाटेवर पोरीनं एकदाही डोळा उघडला नव्हता. ही गोष्ट काकांनी तिला इतक्या वेळा सांगितली होती, की तिला ती आपली आठवणच वाटायची. तिनं सांगून टाकलं होतं, "बाबा, माझं बाळ पण आपल्याच गाडीतून येणार."

काकूंची ना नव्हती. पण अट होती.

"बार काढणाऱ्या गाडीत माझं नातवंड बसणार नाही," त्या म्हणाल्या. "ते प्रसूतिगृह आहे, रणांगण नाही. गाडी शहाणी झाली तर न्या. नाहीतर जावईबापूंची आहेच."

जावईबापूंची गाडी बॅटरीवर चालणारी होती. मांजरीसारखी यायची आणि मांजरीसारखी जायची. काकांना जावयाबद्दल माया होती, पण त्या गाडीबद्दल त्यांचं मत स्पष्ट होतं. "ती गाडी कुठली," ते म्हणायचे, "आडवी चालणारी लिफ्ट आहे ती."

तर काका गाडी घेऊन मिस्त्रीकडे गेले.

मिस्त्री म्हणजे काकांचा शाळेपासूनचा दोस्त. गॅरेज स्वतःचं, हात सोन्याचे, आणि कान जवळजवळ गेलेले. तो ते लपवत नसे. "जन्मभर मी पत्रा ठोकला," तो म्हणायचा, "शेवटी पत्र्यानं माझे कान ठोकले." म्हणून दोघांची एक रीत पडून गेली होती. गाडीचं बॉनेट उघडायचं, मिस्त्रीनं स्क्रूड्रायव्हर धरायचा आणि काकांनी कान लावायचा. काका बोटांनी खूण करणार, मिस्त्री स्क्रू फिरवणार. वर्षानुवर्षं ह्या रीतीनं गाडी सुरात राहिली होती. एकाचे हात आणि दुसऱ्याचा कान, असा तो एकच मिस्त्री होता म्हणा ना.

"काय त्रास देतेय?" मिस्त्रीनं विचारलं.

"मिसिंग करतेय. उभी राहिली की अडखळते, पाय उचलला की बार काढते."

"चोक ओढल्यावर?"

"चोक ओढला की शहाण्यासारखी वागते."

मिस्त्रीनं प्लग काढले, हातरुमालावर ओळीनं मांडले. सगळे पांढरे फटक. "उपाशी आहे बिचारी," तो म्हणाला. "हवा जास्त जातेय, पेट्रोल कमी पडतंय."

"मग पेट्रोल वाढव."

आता इथं खरं तर कुणीतरी विचारायला हवं होतं, की बाबांनो, ही जास्तीची हवा येते कुठून? पण भाजीत मीठ जास्त झालं की पाणी वाढवणारी माणसं जगात पुष्कळ. मीठ कुणी टाकलं हे विचारणारी थोडी. मिस्त्रीनं कार्ब्युरेटरचा स्क्रू हलकेच फिरवला. काका बॉनेटखाली वाकले, डोळे मिटले, तर्जनी वर केली. "अजून... अजून थोडं... हं. थांब. लागला सूर."

काकू मागच्या सीटवर भाजीची पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मंडईत जायचं म्हणून निघालेल्या, वाटेत गॅरेज लागलं. त्या म्हणाल्या, "अहो, काहीतरी फुसफुसतंय."

"काय?"

"फुसफुसतंय. कुकरला शिट्टी व्हायच्या आधी होतं तसं."

"अगं, इंजिन आहे ते. कुकर नाही."

"मग डाळ का शिजत नाहीये?"

मिस्त्रीला हे ऐकू आलं नाही, पण काकांचा चेहरा बघून तो हसला. काका पुन्हा वाकले. एक कान लावला, दुसरा लावला. "काही फुसफुसत नाही. पंखा फिरतोय, त्याचा वारा आहे." आणि बॉनेट लावलं.

मंडईच्या दारात गाडीनं बार काढला. एका बाईच्या हातातली टोमॅटोची टोपली सुटली. काकू खाली उतरून टोमॅटो वेचू लागल्या.

पुढचे आठवडे गाडी गॅरेजच्याच वाऱ्या करत राहिली. पॉइंट घासले, कंडेन्सर बदलला. कार्ब्युरेटर खोलून जेट फुंकून झाले, फ्लोट वर-खाली करून झाला. टायमिंग मागं घेतलं, पुढं घेतलं, पुन्हा मागं घेतलं. दर वेळी काका डोळे मिटून तर्जनी वर करायचे, दर वेळी म्हणायचे, "आता लागला बघ," आणि दर वेळी घरी येताना कुठेतरी कुणाचं काहीतरी सांडायचं. कुत्र्यांनी गल्लीचा तो टप्पा सोडून दिला. मिस्त्रीच्या चेहऱ्यावर प्रश्नचिन्ह यायला लागलं. त्याच्या हातांना कधी असा नकार मिळाला नव्हता. "तुझी गाडी नास्तिक झालीय," तो म्हणाला. "कुठल्याच देवाचा नवस लागू पडत नाही."

आणि प्रत्येक वेळी काकूंना ती फुसफुस ऐकू यायची. बारीक, सतत, दाताच्या फटीतून कुणी हवा ओढावी तशी. पहिल्या दोन वेळा त्या बोलल्या. नंतर गप्प बसू लागल्या.

कारण त्यांना कळलं होतं.

त्यांच्या घराच्या दारावरची घंटा चिमणीसारखी चिवचिवायची. हल्ली ती वाजली की काका वर्तमानपत्रातून मान वर करत नसत. काकू दार उघडायला उठल्या की म्हणायचे, "कुठं चाललीस?" वर आणखी खंत करायचे, की पूर्वीसारखं आपल्याकडे कुणी येत नाही. फोन वाजायचा, काकू सहज म्हटल्यासारखं म्हणायच्या, "फोन आलाय वाटतं." आणि सकाळी चहा घेताना काका खिडकीबाहेर बघून मान हलवायचे. "चिमण्या गेल्या गं ह्या भागातून. काय ती किलबिल असायची." समोर तारेवर चिमण्यांची रांग लागलेली असायची. काकू म्हणायच्या, "हो ना." आणि त्यांच्या कपात अजून थोडा चहा ओतायच्या.

बारीक आवाज तेवढे गेले होते. बाकी सगळं ठणठणीत. शेजारच्या दादांचं घोरणं काकांना अजूनही पट्टीसकट ऐकू येत होतं. पण ज्या माणसाची ओळखच कान ही, त्याला कान गेला म्हणून कुणी सांगायचं? ज्या बाईनं त्याच्याबरोबर जन्म काढला, तिच्याही तोंडून ते शब्द निघेनात. आणि सांगितलं नाही, तर नातवंड आडव्या लिफ्टमधून येणार. कात्रीत सापडल्या होत्या काकू.

शेवटी एका सकाळी त्या एकट्याच गॅरेजवर गेल्या. मिस्त्री टायरवर बसून चहा पीत होता. काकूंनी त्याच्या कानाशी तोंड नेऊन मोठ्यानं सगळं सांगितलं. शेजारच्या पंक्चरवाल्यालाही ते आपोआप कळलं.

मिस्त्रीनं पेला खाली ठेवला. "वहिनी, म्हणजे इतके दिवस मी बहिऱ्याच्या कानानं गाडी लावतोय?"

"बहिरे नाहीत ते. बारीक आवाज येत नाहीत फक्त. माझं बोलणं स्वच्छ ऐकू येतं त्यांना."

"हे चांगलं म्हणायचं की वाईट?"

"भावजी, चेष्टा पुरे. तुम्ही सांगा त्यांना. तुम्ही मित्र आहात."

"मी?" मिस्त्री उभाच राहिला. "त्याला मी सांगू, की तुझा कान गेला? त्यापेक्षा मी गाडीखाली आडवा होतो, तुम्ही गाडी अंगावरून न्या. बायको आहात तुम्ही, तुम्ही सांगा."

"मला सांगता आलं असतं तर तुमच्या टायरांमध्ये कशाला आले असते?"

दोघांनाही काकांना दुखवायचं नव्हतं, आणि दोघांनाही ते दुसऱ्याकडून करून घ्यायचं होतं. अखेर मिस्त्री म्हणाला, की मी आडून सुचवून बघतो.

त्यानं सुचवलं ते असं. दुपारी काका गाडी घेऊन आले, तर म्हणाला, "आज जरा वहिनींना ऐकू दे. बदल म्हणून."

"बदल म्हणून तू भजन म्हणतोस का?" काकांनी विचारलं.

"नाही."

"का?"

"मला येत नाही."

"मग." काका बॉनेटखाली वाकले. तो विषय तिथंच मिटला. त्या दिवशी टायमिंग असं काही लागलं, की परतताना निघालेल्या बारानं सायलेन्सरची पट्टीच सुटली, आणि काका घरापर्यंत घरंगळणाऱ्या भांड्यांच्या आवाजात आले. तो आवाज मात्र त्यांना नीट ऐकू आला.

आणि दुसऱ्याच दिवशी दुपारी फोन वाजला. "फोन आलाय वाटतं," काकू म्हणाल्या, आणि उचलला. जावईबापू होते. काकूंनी एक हात छातीवर ठेवला, दुसऱ्या हातानं फोन काकांच्या कानाला लावला.

नात झाली होती. आई आणि बाळ दोघी सुखरूप. काका "हो का, हो का" एवढंच म्हणत राहिले. डोळे पुसायला हात मोकळा नव्हता, कारण एका हातात फोन होता आणि दुसरा काकूंनी घट्ट धरला होता. मग जावईबापू म्हणाले, "बाबा, परवा घरी सोडतायत. तुम्ही गाडीचं टेन्शन घेऊ नका. मी माझी आणतो. एकदम शांत आहे, बाळाला कळणारही नाही."

"आणा," काका म्हणाले. "तीच आणा. लहान जीव आहे. मागं बसायला जागाही चांगली आहे तुमच्यात."

फोन ठेवून ते कापड घेऊन बाहेर गेले. काकू खिडकीतून बघत होत्या. काकांनी गाडीचं मागचं दार उघडलं आणि सीट पुसायला घेतली. सीट पुसली, दाराची कड पुसली, कापडी ससा उचलून झटकला आणि जागच्या जागी ठेवला. मग पुन्हा सीट पुसायला घेतली.

कीर्तनात बुवा सांगतात, की सत्य कडू औषधासारखं असतं, आणि पाजणारा हात प्रेमाचा असला की ते घशाखाली उतरतं. ऐकायला गोड वाटतं. पाजायची वेळ आली की चमचा धरणाराच आधी तोंड फिरवतो. काकू चपला न घालताच बाहेर आल्या.

"अहो, गाडी सुरू करा."

"कशाला? लोक झोपलेत दुपारचे."

"करा तर."

काकांनी किल्ली फिरवली. गाडी सुरू झाली, हुडहुडली, अडखळली. काकूंनी बॉनेट उघडायला लावलं.

"काय ऐकू येतं?"

"मिसिंग."

"त्याच्या वर?"

काकांनी डोळे मिटले. तर्जनी आपोआप वर गेली. "वर काही नाही."

"आहे," काकू म्हणाल्या. "सारखं फुसफुसतंय. पहिल्या दिवसापासून. मला दारातून ऐकू येतं, तुम्हाला इथं वाकून येत नाही."

तर्जनी तशीच वर राहिली. मग हळूहळू खाली आली. काकांनी काकूंकडे बघितलं नाही. ते समोर तारेकडे बघत होते. तारेवर चिमण्या बसल्या होत्या. त्यांच्या चोची उघडत होत्या, मिटत होत्या, पुन्हा उघडत होत्या.

"ह्या गातायत?" त्यांनी विचारलं.

"भांडतायत. पण आवाज आहे."

"आणि दारावरची घंटा?"

"वाजते."

"म्हणजे लोक येतात आपल्याकडे."

"येतात. काल तर तुमच्या पाठीमागून दोघे चहा पिऊन गेले."

काका गाडीच्या मडगार्डवर टेकले. "तू बोलली का नाहीस?"

"तुम्ही चिमण्यांना नावं ठेवत होता, मला नाही. म्हटलं चालू दे."

काकांच्या ओठाचा एक कोपरा हलला. हसू म्हणता आलं नसतं, पण हसण्याच्या घरासमोरून गेलेलं काहीतरी होतं ते. इंजिन अडखळतच होतं. मग काका सरळ झाले आणि बाह्या वर केल्या.

"कुठून येतंय ते सांग."

"ते नाही कळत. इथंच कुठंतरी, ह्या डब्याच्या आसपास." त्यांनी कार्ब्युरेटरकडे बोट केलं. "सगळीकडून आल्यासारखं वाटतं."

"मिस्त्रीला बोलाव."

मिस्त्री स्कूटरवरून आला, पिशवी खांद्याला, चेहरा अपराध्यासारखा. काकांनी त्याच्याकडे बघितलं. "तुलाही माहीत होतं?"

"कालपासून."

"आणि म्हणून काल ते वहिनींना ऐकू दे, बदल म्हणून."

"मला दुसरं काही सुचलं नाही रे."

"सुचणार कसं. जन्मभर सुचायचं काम माझ्याकडे." काका म्हणाले, आणि कोपरापर्यंत हात आत घातला. मिस्त्रीनं त्यांची बाही पकडली. "पंख्यापासून सांभाळ."

पेटीच्या भात्याला बारीक भोक पडलं की ते कानाला सापडत नाही. दुकानात काका भाता दाबून धरायचे आणि बोट ओलं करून प्रत्येक शिवणीवरून फिरवायचे. वारा जिथं असेल तिथं बोट गार पडतं. आता त्यांनी पाण्याच्या बाटलीत बोट बुडवलं आणि कार्ब्युरेटरच्या बुडाशी, सांध्यांवरून, नळ्यांवरून, सावकाश फिरवायला सुरुवात केली. इथं काही नाही. तिथं काही नाही. काकू कान देऊन उभ्या. मिस्त्री नुसता डोळ्यांनी ऐकत होता.

कार्ब्युरेटरच्या खालून, प्लगांना ठिणगी वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्युटरकडे करंगळीएवढी एक रबरी नळी जाते. वरून बघावी तर अगदी धडधाकट. काकांचं बोट तिच्या पोटाशी, वाकणावर गेलं आणि तिथंच चिकटलं. आतून कुणीतरी ओढून धरल्यासारखं.

"थांबलं," काकू म्हणाल्या.

आणि त्याच क्षणी गाडीची हुडहुडी गेली. आरसे स्थिर झाले. सशानं मान डोलवणं सोडलं.

काकांनी बोट काढलं. गाडी पुन्हा थरथरायला लागली. "आलं," काकू म्हणाल्या. बोट ठेवलं. "गेलं." काढलं. "आलं." चार-पाच वेळा त्यांनी हा खेळ केला, लहान पोरानं दिव्याचं बटण दाबत बसावं तसा. मिस्त्रीनं कपाळावर हात मारून घेतला.

नळी काढून वाकवली, तर पोटावर लांब चीर. रबर म्हातारं झालं होतं, आणि म्हातारपण नेमकं दिसणार नाही अशा बाजूनं आलं होतं. त्या चिरेतून हवा चोरपावलांनी आत जात होती. इंजिन उपाशी राहत होतं, एखादा घास न पेटताच सायलेन्सरमध्ये उतरत होता आणि तिथं तापलेल्या नळीत भडकत होता. तोच तो बार.

मिस्त्रीनं पिशवीतून नवी नळी काढून बसवली, सायलेन्सरची सुटलेली पट्टीही आवळली. "चल, मार किल्ली."

काकांनी किल्ली मारली. गाडी बेफाम ओरडली आणि मागून काळ्या धुराचा लोट सोडला. शेजारच्या दादांनी झोपेतून उठून खिडकी लावून घेतली.

"आता काय झालं?" काकू म्हणाल्या.

काय व्हायचं होतं. एक भोक झाकायला त्या दोघांनी इतके दिवस जे जे फिरवलं होतं, ते सगळं आता उघडं पडलं होतं. एका खोट्याला दहा खोट्यांचा टेकू दिला होता. मूळ खोटं गेलं, टेकू तेवढे उभे राहिले. मग दोघं ते उतरवायला बसले. एका वेळी एकच गोष्ट, दुसरीला हात नाही. पॉइंट. मग टायमिंग. मग फ्लोट. शेवटी कार्ब्युरेटरचा तो स्क्रू उरला. मिस्त्रीनं स्क्रूड्रायव्हर धरला आणि सवयीनं काकांकडे बघितलं.

काका बाजूला सरले. "तू ये इथं," ते काकूंना म्हणाले.

"मी?"

"मग कोण, ससा?"

काकू पदर खोचून बॉनेटखाली वाकल्या. मिस्त्री फिरवू लागला.

"थोडं... अजून थोडं... हं... गेलं. मागं घ्या."

"गेलं काय म्हणतेस?" काका मागून म्हणाले. "चढलं की उतरलं ते सांग."

"मला चढलं-उतरलं कळत नाही. बरं वाटतं की नाही एवढंच कळतं."

"पुरे तेवढं," काका म्हणाले. आणि तळहात मडगार्डवर सपाट ठेवून उभे राहिले.

"आता बरं वाटतं," काकू म्हणाल्या. मिस्त्रीनं हात काढला.

घरी सोडायच्या दिवशी सकाळी काकांची गाडी प्रसूतिगृहाच्या दारात जाऊन उभी राहिली. बेत बदलल्याचं कळताच जावईबापूंनी आदल्या दिवशी स्वतः येऊन मागच्या सीटला पट्टे बसवून दिले होते, आणि काकांनी ते बसवताना त्यांना दोनदा चहा दिला होता. जावईबापूंची गाडीही मागं होतीच. "असू दे," काका म्हणाले होते, "वरातीला मागं कुणीतरी लागतं."

दारावरचा रखवालदार ही गाडी ओळखून होता. ती वळताना दिसली तशी त्यानं दोन्ही कानांत बोटं घातली आणि डोळे मिटले. काही झालं नाही. त्यानं एक डोळा उघडला. काकांनी त्याला मान लववून नमस्कार केला.

लेक आली, मागं बसली. तिच्या कुशीत दुपट्यात गुंडाळलेलं ते एवढंसं बोचकं. काकू पुढं बसल्या खऱ्या, पण चेहरा पूर्ण मागं. काकांनी आरशात बघितलं, पुन्हा बघितलं, घसा खाकरला आणि किल्ली फिरवली.

इतके दिवस गाडी सुरू झाली हे काकांना हाडांतून कळायचं. आता हाडांना काही कळलं नाही, आणि इंजिनाची गुणगुण इतकी बारीक झाली होती, की कानांनाही काही कळलं नाही. लागली नाही वाटतं, असं म्हणून त्यांनी किल्ली पुन्हा फिरवली. चालू इंजिनावर स्टार्टर बसला. पोतंभर खडी पत्र्यावरून ओढावी तसा आवाज त्या शांत आवारात उठला. "शांतता राखा" ह्या पाटीखालची खिडकी उघडली आणि एका नर्सबाईंनी ओठांवर बोट ठेवलं. रखवालदाराची बोटं पुन्हा कानात गेली.

"अहो, चालू आहे ती," काकू म्हणाल्या.

"मग सांगायचं ना."

"सांगतेय ना."

मागं बोचक्यानं जांभई दिली, एक डोळा किलकिला केला आणि मिटला.

मग असं ठरलं. गाडी थांबली की काकूंनी "चालू" म्हणायचं, मग काकांनी निघायचं. पहिला सिग्नल. "चालू." दुसरा सिग्नल. "चालू." न्हाव्याच्या दुकानासमोर काकांनी मुद्दाम पाय उचलला. बार नाही, काही नाही. न्हावी वस्तरा हातात धरून दारापर्यंत आला, आणि गाडी गेली तरी तिथंच उभा राहिला.

शेवटचा सिग्नल घराच्या चौकातला. तांबडा दिवा लागला, गाडी थांबली. नेमकं त्याच वेळी बाळानं डोळे उघडले. दोन्ही. काकूंनी हात मागं नेला आणि बोट त्या इवल्या मुठीत दिलं, आणि मूठ मिटली. लेक बाळाकडे बघत होती, काकू बाळाकडे बघत होत्या.

हिरवा दिवा लागला.

"चालू आहे का?" काकांनी विचारलं.

कुणी उत्तर दिलं नाही.

"अगं, चालू आहे का?"

मागून एका ट्रकनं हॉर्न दिला. काकांनी किल्लीकडे हात नेला, आरशात त्या उघड्या डोळ्यांकडे बघितलं आणि हात परत घेतला. ओठातल्या ओठात देवाचं नाव घेतलं, गिअर टाकला, आणि नुसत्या विश्वासावर क्लच सोडला.

गाडी निघाली.